पाण्याखालची लाल चांदणी

त्याच्याशी माझं भांडण झालं त्याला बरीच वर्षं झाली. आता तो नाही. भांडण मात्र अजून आहे, कारण ते मिटवायला त्याने दोन ओळी लिहायला हव्या होत्या आणि त्या त्याने शेवटपर्यंत लिहिल्या नाहीत.

तोंडावर मी त्याला कायम 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणालो. इथे 'तो' म्हणणार आहे. तेवढी सूट मी घेतो.

पनवेलच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी लाकडाची वखार आहे. मोडणाऱ्या घरांचं जुनं सागवान घ्यायचं, खिळे उपटायचे, कापून, रंधा मारून नव्या घरांच्या दारांना विकायचं, हा धंदा. या धंद्यात मी हमालाचा मुलगा म्हणून शिरलो. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाईक आत येताना आधी लाकडाकडे बघतं की माझ्या तोंडाकडे, त्यावरून मी पहिला आकडा ठरवतो, आणि सहसा चुकत नाही.

तो आला तेव्हा त्याने कशाकडेच बघितलं नाही. दारात उभा राहून नाकाने वास घेतला. ऑफिसची पँट गुडघ्याखाली दुमडलेली, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, काखेत छत्री आणि बुटांवर वाळलेला खाडीचा चिखल.

"सागाच्या फळ्या हव्यात," तो म्हणाला. "होडीच्या तळाला."

"मिळतील की. बसा साहेब, चहा घ्या."

"चहा नको. गार व्हायला वेळ लागतो."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. पुढे कळलं की हा माणूस चहा गार झाल्याशिवाय पीतच नाही. थर्मासमधला चहा झाकणात ओतायचा, बाजूला ठेवायचा आणि त्यावर साय धरली की एका घोटात संपवायचा. मग थर्मास कशाला बाळगतो, असं मी एकदा विचारलं होतं. "गार चहा सांडला तर कुणी भाजत नाही, पण बाटलीत ठेवला तर आंबतो," असलं काहीतरी उत्तर मिळालं. त्याच्या बऱ्याच उत्तरांवर मी घरी जाऊन चिडायचो.

मी आकडा सांगितला. त्याने डोळे मिटले आणि मग त्याचा आकडा सांगितला. मी हसलो. त्याने छत्री काखेत मारली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला, तोच आकडा. मी थोडा खाली आलो. तो परत गेला. पुन्हा आला तेव्हाही आकडा तोच.

"साहेब, भाव असा होत नाही," मी म्हणालो. "मी एक पायरी उतरलो, आता तुम्ही एक चढा."

"मी हिशेब घरी करून आलोय. तो इथे पुन्हा कशाला करू?"

असल्या माणसाला हाकलून द्यावं. पण आठवडाभर कोणी माझ्यापुढे एक पायरीही हलू नये, हे मला चालत नाही. मी त्याला विचारलं, होडी कुठाय, कसली, कशाला. तेव्हा त्याने फोन काढला आणि नेटवर चालवलेलं त्याचं पान दाखवलं. टचचे फोन तेव्हा नुकते सगळ्यांच्या हातात येत होते. त्या पानावर एका जुन्या शिडाच्या होडीचे फोटो होते. कुजलेली फळी, गंजलेला खिळा, उघडी पडलेली बरगडी, पुन्हा फळी. फोटोखाली एकच शब्द. 'ओहोटी.' किंवा 'भरती.' बस्स. आणि त्याखाली लोकांची ही गर्दी. गोव्याचे, दुबईचे, एक तर ऑस्ट्रेलियातला कोणी सुतार रोज काहीतरी विचारत होता.

माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला. माझ्या वखारीतल्या प्रत्येक फळीवर दोन्ही बाजूंना लाल रंगाची चांदणी मारलेली असते. ती माझी खूण.

"तुमच्या भावाने देतो," मी म्हणालो. "पण माझी चांदणी फळीवर राहिली पाहिजे. घासायची नाही, रंगवायची नाही, आणि फोटोत दिसली पाहिजे."

"प्रत्येक फोटोत?"

"जिथे जिथे फळी दिसेल, तिथे तिथे."

त्याने पुन्हा डोळे मिटले. मग माझ्या अटी एकेक करून मोठ्याने म्हणून दाखवल्या, मी मान डोलावली, आणि तो म्हणाला, "ठरलं."

दुबईपर्यंत जाहिरात, आणि तीही जवळजवळ फुकट. त्या रात्री मी घरी श्रीखंड नेलं होतं.

आणि हे नीट लिहून ठेवतो, की लाकूड मी त्याला अस्सल दिलं. एका जुन्या घराच्या तुळईतून कापलेलं, वर्षानुवर्षं सुकलेलं, टिचकी मारली तर खणखणणारं सागवान. चांदणी दिसणार म्हटल्यावर मी दुसरं काय देणार होतो?

नोकरीत असताना तो एका बंदराच्या कचेरीत नकाशे काढायचा. खाडीत पाणी कुठे किती खोल आहे याचे नकाशे. मोजायला दुसरे जायचे, हा टेबलावर बसून त्यांचे आकडे रेषांत बसवायचा. "या खाडीचा तळ मी नोकरीभर काढला," तो एकदा म्हणाला होता. "वरून कधी गेलो नाही." एवढंच. होडीचा नाद का लागला याचं त्याच्याकडून मला मिळालेलं हे एकमेव कारण. त्याला वाऱ्यावर शीड लावून पनवेलच्या खाडीतून समुद्राच्या तोंडापर्यंत एकदा जायचं होतं.

नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हॉलभर शीड पसरलेलं होतं आणि त्याच्या मध्यभागी बसून त्याची बायको टाके घालत होती. मी दारातच थांबलो.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "कडेकडेने या. लोकांच्या हॉलमध्ये सोफा असतो, आमच्याकडे हे आहे."

"त्रास होत असेल तुम्हाला."

"त्रास काय. रिटायर झाल्यावर शेजारचे देशपांडे रोज सोसायटीच्या मीटिंगा घेतात. त्यापेक्षा हे बरं. फक्त ते होडीला चोपडायचं माशाचं तेल घरात आणू नका म्हटलंय. खालच्यांनी दोनदा गॅसवाल्याला बोलावलं."

घड्याळ तो वापरायचा, पण वेळ घड्याळाची सांगायचा नाही. "भरती लागली की या." "अर्ध्या ओहोटीला भेटू." नवीन पनवेलातल्या माणसाला खाडी कुठल्या दिशेला आहे हे सांगता येत नाही, आणि हा बँकेतल्या बाईला भरतीची वेळ सांगून यायचा. मी फोन केला की आधी मलाच विचारायचा, "आत्ता काय चाललंय?" मी वखारीत बसून काय सांगणार? मग मला वेळापत्रक आणावं लागलं. अजून माझ्या गल्ल्यापाशी ते टांगलेलं असतं. दर वर्षी नवीन आणतो. का, ते विचारू नका.

होडी मंजुळाबाईची. मंजुळाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या नवऱ्याची ती होडी. इंजिनं आली तसं शिडाचं काम संपलं, पुढे नवरा गेला, आणि होडी त्यांच्या घरामागे खाडीच्या चिखलात पडून राहिली. होडी देताना तिने अट घातली होती की नाव बदलायचं नाही. तेव्हापासून बाजार आटपला की ती रिकामी पाटी उपडी घालून काठावर बसायची आणि त्याच्या प्रत्येक कामाला नावं ठेवायची.

माझ्या फळ्या उतरवल्या त्या दिवशीही ती होती. तिने एक फळी नखाने ओरबाडली.

"लाकूड लय भारी हाय, शेट," ती म्हणाली. "दाराला लावा. होडीला एवढा सुका लाकूड काय कामाचा? ह्यो पानी पिनार कवा?"

"मावशी, सागवान आहे. पाणी पीत नाही म्हणून तर लोक पैसे देतात."

ती त्याच्याकडे बघून हसली. तो फळीवर पेन्सिलीने रेघ मारत होता. "पिईल," तो म्हणाला. "वेळ घेईल."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. दाराचं लाकूड ओलाव्याने फुगू नये. होडीचं फुगलं पाहिजे, म्हणजे दोन फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. म्हणून दुरुस्त केलेली होडी हे लोक आधी मुद्दाम बुडवतात. ओहोटीला तिच्यात दगड भरायचे आणि भरतीच्या पाण्याला तिच्यावरून जाऊ द्यायचं. असं काही दिवस. याला ते पाणी पाजणं म्हणतात. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, आणि पुढच्या भरतीला ती आपण उठते का ते बघायचं. कुठल्याही कोळ्याला हे माहीत असतं. मला नव्हतं, पुढे मंजुळाबाईकडून कळलं. दुबईत कुणाला असणार?

सुरुवातीचे काही महिने चांदणीने चांगलं काम केलं. खारघरच्या एका डॉक्टरने ती नेटवर बघून दारं करून घेतली. पुण्याहून फोन आले. आणि मग माझ्या गावाहून तात्या आले.

जासईच्या पुढे माझं गाव. तिथल्या देवळाचा सभामंडप नव्याने बांधायचा होता आणि सागाचे खांब हवे होते. तात्या देवस्थानचे अध्यक्ष. जुन्या मंडपाच्या तुळया माझ्या बापाने खांद्यावर वाहून आणल्या होत्या, मजुरीवर. मंडप उभा राहिल्यावर जेवणावळ झाली तेव्हा त्याला शेवटच्या पंगतीत बसवलं, हे त्याने मला एकदाच सांगितलं, परत कधी काढलं नाही. त्या देवळाचे खांब माझ्या वखारीतून जाणार होते. त्यात नफा किती होता हे मी बघितलंही नाही, आणि मी बघितलं नाही असं म्हणतो तेव्हा ते खरं धरा.

तात्यांनी लाकूड बघितलं, हात फिरवला, खूश होऊन गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले ते बसलेच नाहीत. फोन माझ्यापुढे धरला.

व्हिडिओ होता. भरती येतेय. होडीचा तळ आतून दिसतोय. दगड रचलेत, पण ते कडेला, नीट बघितलं तरच दिसतील. मधोमध माझ्या फळ्या आणि ओळीने लाल चांदण्या. आणि दोन चांदण्यांच्या मधल्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडतेय. मग दुसरी, मग सगळीकडून. हळूहळू चांदण्या पाण्याखाली जातात. होडी बुडते. बोलणं काही नाही, फक्त वारा आणि एक बगळा. खाली एक शब्द, 'भरती.'

त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते तात्यांनी मला वाचून दाखवलं. म्हाताऱ्याला फसवला. सागवान म्हणून खोक्याचं लाकूड दिलं. ही चांदणी लक्षात ठेवा रे.

"हे तुझंच ना?" तात्या म्हणाले.

"तात्या, लाकूड बघितलंत तुम्ही. हात लावून बघितलंत."

"बघितलं रे. पण गाव हे बघतंय. देवळाच्या कामाकडे कुणी बोट दाखवलं तर मी काय सांगू? होडी तरंगू दे. मग बघू."

मी गल्ला उघडा टाकून खाडीवर गेलो. ओहोटी होती. तो बुडवलेल्या होडीशेजारी चिखलात उकिडवा बसून फळीला कान लावून काहीतरी ऐकत होता. मंजुळाबाई पाटीवर बसलेली.

"साहेब, तो व्हिडिओ काढा."

"का?"

"का म्हणजे? लोक मला चोर म्हणताहेत."

"ते चूक आहेत."

"मग लिहा तसं. लिहा, लाकूड साग आहे, आम्ही होडी मुद्दाम बुडवली, रीत असते. दोन ओळी."

"मी तिथे काही लिहीत नाही. दिसतं ते दाखवतो. बुडली ती दाखवली. वर येईल ती दाखवीन."

"लोकांनी तुम्हाला विचारलंय तिथे."

"विचारलेलं नाही. शिव्या दिल्यात. प्रश्न असता तर उत्तर दिलं असतं."

"मग त्या चांदण्या तरी घासून टाका."

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं. खरोखर गोंधळलेला चेहरा. "घासायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत, फोटोत दिसल्या पाहिजेत," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात. ठरलंय आपलं."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. झाकणातला चहा प्यायला.

"शेट, गला बसल तुमचा," मंजुळाबाई म्हणाली. "दगडाला वरडून दगड उटतो काय? आमच्या दादल्याची व्हती तवा ती तीन दिसात उटायची. ह्यो तुमचा लाकूड तान्हेला नाय, त्याला कोन काय करनार?"

म्हणजे लोक म्हणत होते लाकूड खोटं, आणि अडचण ही होती की लाकूड नको तितकं खरं होतं. फळ्या फुगायला तयार नव्हत्या. दिवसामागून दिवस भरती यायची, जायची, आणि तो रोज एक फोटो टाकायचा. चिखलात बसलेली होडी, आत गढूळ पाणी, त्यात माझ्या चांदण्या. माझ्या नावाचं सुतक असावं तसं रोज.

वहिनींना भेटून मी सांगून बघितलं. त्या शिडाचा काठ दुमडत होत्या.

"भाऊजी, आमच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी यांना विचारलं, पगार किती. यांनी सांगितला. पुढे वरच्या कमाईचं विचारलं, तर म्हणाले, नाही. एवढंच. व्याह्यांना वाटलं लपवतात. मी म्हटलं, अहो, नीट समजावून सांगा की. तर म्हणे, नाही म्हटल्यावर समजावायचं काय?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "मी सोडून दिलंय. तुम्हीपण सोडा."

मी सोडणारा नव्हतो. तात्यांशी मी बोलून ठेवलं की पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला होडी उठेल, चार माणसं घेऊन या, डोळ्यांनी बघा. त्याला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "उठेलच असं नाही."

"उठली पाहिजे."

"बघू."

पौर्णिमेला तात्या आले, कमिटीचे तिघे आले, आणि येताना हार-नारळ घेऊन आले. सकाळी ओहोटीला दगड काढून, पाणी उपसून होडी रिकामी केलेली होती. तात्यांनी उत्साहाने नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडला. मंजुळाबाई ताडकन उठली.

"अवो, उटली नाय तवर नारल कशाला फोडला? बारसं आदी आनि बालंतीन मागनं?"

कमिटीवाले हसले. मी हसलो नाही. दुपारकडे पाणी चढायला लागलं. आधी चिखलावरून चमकत आलं, मग होडीच्या कडेला लागलं, मग चढत गेलं. होडी हलेना. तळ चिखलात रुतून बसला होता. "ढकला की," मी म्हणालो. तो म्हणाला, "नको. जोर केला तर सांधे उघडतील." आत, दोन चांदण्यांच्या मध्ये, एक बारीक ओली रेघ दिसायला लागली. मी तिच्याकडे बघत होतो आणि तात्या माझ्याकडे. रेघेची धार झाली. पाणी बाहेरून काठाशी आलं, आतून घोट्यापर्यंत आलं, आणि होडी जिथे होती तिथेच भरली.

तात्या काही वाईट बोलले नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप चांगला माणूस होता." मग चौघे गाडीत बसून गेले. खांब उरणच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आले. ते मी नंतर जाऊन बघितले. नवं लाकूड आहे. तडे जाणार.

त्याने त्या दुपारचाही व्हिडिओ टाकला. 'भरती.'

मी त्याचं नाव टाकलं. वखारीत कुणी होडी हा शब्द काढला तर मी उठून मागे जायचो.

दोन आठवडे होत आले असतील. एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. नाकाने वास घेतला.

"काय पाहिजे?" मी म्हणालो. बसा म्हटलं नाही.

"उद्या अमावास्या. भरती मोठी आहे, पौर्णिमेपेक्षा. फळ्या आता भिडल्यात. चिखल मी दोन्ही बाजूंनी खणलाय."

"मग?"

"ती डोलवावी लागेल. पाणी चढताना दोन्ही कडांनी, आळीपाळीने. म्हणजे चिखल सोडेल. एका बाजूला मी आहे. दुसरीकडे तुमच्याएवढं वजन माझ्या ओळखीत कुणाचं नाही."

"माझे खांब गेले साहेब. आता ती तरंगली काय आणि बुडली काय."

मला वाटलं आता छत्री काखेत मारेल. पण तो म्हणाला, "लाकूड तुमचं आहे," आणि मग गेला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्यासाठी गेलो नाही, एवढं सांगतो. माझं लाकूड काय करतं ते मला बघायचं होतं.

आम्ही दोघे दोन बाजूंना चिखलात उतरलो. मंजुळाबाई पुढे, नाळेला बांधलेला दोर धरून. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं. "आता," तो म्हणाला. मी रेटा दिला, त्याने सोडलं, मग त्याने दिला, मी सोडलं. होडी जरासुद्धा हलली नाही. जणू भिंत. पाणी कमरेच्या वर. माझे पाय पोटऱ्यांपर्यंत रुतलेले, काढता येईनात. आत डोकावून बघितलं. चांदण्या कोरड्या होत्या. सगळ्या. कोरड्या आणि लाल.

"काठाला चार बोटं उरलीत," मी ओरडलो.

"दिसतंय. आता तुमच्याकडून."

"वरून पाणी आत जाईल."

"जाईल. तुमच्याकडून."

मी खांदा लावला. पाणी छातीला होतं. फळीच्या पलीकडून त्याचा रेटा मला जाणवत होता, म्हातारा माणूस, पण एका तालात, चुकत नव्हता. एक रेटा, एक सोड. मंजुळाबाई पुढून होडीला नावाने हाका मारत होती, रुसलेल्या सुनेला मारतात तशा, मध्येच शिव्या घालत. काठाला दोन बोटं उरली. मी डोळे मिटले. आणि माझ्या खांद्याखाली काहीतरी सुटलं. चिखलातून चप्पल ओढून काढताना होतो तसा आवाज झाला, केवढा तरी मोठा, आणि ज्या भिंतीवर मी सगळं वजन टाकलं होतं ती भिंत माझ्यापासून दूर गेली. मी तोंडावर पाण्यात पडलो.

वर आलो तेव्हा होडी पाण्यावर होती. हलत होती. प्रवाहाने आडवी होऊन खाडीवरच्या पुलाच्या खांबाकडे निघाली होती.

"दोर," तो ओरडला. त्याला ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

मंजुळाबाईच्या हातून दोर सरकत होता. मी तिच्यामागे दोर धरला, तो माझ्यामागे. माझा फोन काठावर शर्टात होता, त्याचाही पिशवीत. माझ्या मनात आलं, आत्ता, ती अशी खांबाकडे ओढ घेतेय तोवर, कोणी फोटो काढला तर आंधळ्यालाही कळेल की तरंगतेय. "फोटो," मी म्हणालो.

"हात सोडू नका."

मी सोडले नाहीत. तळहाताची कातडी गेली तरी सोडले नाहीत. हळूहळू ती वळली, आली, आम्ही ती बांधली. मंजुळाबाईने कनवटीची हळद काढून नाळेला लावली आणि कुठूनतरी नारळ काढला. नंतर ती पाटीवर बसून रडली. तो बाजूला उभा राहून बूट पिळत होता.

संध्याकाळी त्याने फोटो टाकला. बांधलेली होडी, मागे पाणी. 'भरती.' नुसती होडी. बसलीय की तरंगतेय, सांगता येत नव्हतं. आणि चांदण्या नव्हत्याच. त्या तळाला. होडी पाण्यावर आली म्हणजे त्या पाण्याखाली जाणार, आणि आतून तोवर त्याने फळकुटं अंथरलेली. बुडण्याचा व्हिडिओ गावभर फिरला होता. हा फोटो बघितला तो फक्त त्या ऑस्ट्रेलियातल्या सुताराने.

मी फोन केला. "साहेब, आता तरी लिहा. लाकूड खरं होतं म्हणून लिहा."

"लाकूड तरंगतंय," तो म्हणाला. "अजून काय लिहू?"

"ते दिसत नाही ना पण."

"दिसायला लागलं तर काळजी करा."

मी फोन ठेवला.

तो एकदा गेला समुद्राच्या तोंडापर्यंत, शीड लावून. मला विचारलं होतं. मी गेलो नाही, रागात होतो. वहिनी गेल्या. म्हणाल्या, हे सगळा वेळ पाण्यात बघत होते, वर आभाळाकडे एकदाही बघितलं नाही, आणि मध्येच बोट दाखवून म्हणायचे, इथे खोल आहे, इथे खडक आहे.

पुढे तिकडे भराव पडायला लागले, खाडीची ती बाजू बंद झाली, होडी ठेवायला जागा उरली नाही. वहिनी आणि तो पुण्याला मुलीकडे गेले. जाण्याआधी होडी एका ट्रेलरवर घालून माझ्या वखारीत आली. मला न विचारता. सोबत निरोप आला, सुकू देऊ नका.

तो गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, काही म्हणाले होते का. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?" मी म्हटलं, काही नाही.

होडी मागच्या बाजूला आंब्याखाली आहे. जमिनीवर असल्यामुळे चांदण्या पुन्हा दिसतात. दर दोन दिवसांनी मी स्वतः पाइप लावून तिला भिजवतो, आतून आणि बाहेरून, कारण सुकली तर फळ्या सुटतील आणि ती पुन्हा बुडवावी लागेल, आणि या वेळी दुसऱ्या बाजूने रेटा द्यायला कुणी नाही. अजूनही एखादं गिऱ्हाईक फोनवर तो व्हिडिओ काढतं आणि विचारतं, शेठ, हीच का ती बुडलेली? तेव्हा मी पाइप बंद करतो आणि पहिल्यापासून सांगायला लागतो.

दोन ओळींचं काम होतं. त्याने केलं नाही, म्हणून मला एवढं लिहावं लागलं. होडी मुद्दाम बुडवली होती. वर आली तेव्हा चांदण्या कोरड्या होत्या.